शीळ घालणारं धुरांडं

मी एक धुरांडं बोलतोय. पत्र्याचं, दंडाएवढं जाड आणि पुरुषभर उंच. शेगडीचं कौतुक सगळे करतात, आम्हा धुरांड्यांकडे बघतं कोण? काजळी ओकणारं काळं तोंड, एवढीच आमची ओळख. पण माझ्यासमोर जे घडलं ते ऐकाल तर तुम्हीही हबकून जाल. मी तर अजून सावरलेलो नाही.

दुबईच्या रास अल खोर भागातल्या एका वर्कशॉपमध्ये गणूने मला घडवलं. गणू माणगावकडचा, वेल्डिंगमध्ये हात बसलेला. त्याच्या अरबाबाला, म्हणजे मालकाला, थंडीतल्या शिकारीच्या कॅम्पसाठी तंबू गरम ठेवणारी शेगडी हवी होती. गणूने जुन्या पिंपाची शेगडी केली आणि उरलेला पत्रा वळून मला केलं. माझ्या टोकाला पावसासाठी टोपी बसवली, ती जरा तिरकी बसली. त्यामुळे वारा सुटला की मी शीळ घालायचो. गणू हसून म्हणायचा, "गातंय बघ माझं पोर!"

दोन हजार दोनच्या डिसेंबरात आम्ही फुजैराच्या डोंगरांअलीकडच्या वाळवंटात गेलो. वाळवंट म्हणजे ऊन, असं तुम्हाला वाटत असेल. तिथली पहाटेची थंडी एकदा अंगावर घेऊन बघा, दात वाजायला लागतात. तंबू नवाकोरा होता. उभ्या भिंतींचा, जाड कॅनव्हासचा, आतून प्लॅस्टिकचं अस्तर लावलेला. त्यात अरबाबाचा लाडका ससाणा डोळ्यांवर चामड्याचं टोपडं घालून आपल्या बैठकीवर बसायचा. त्याच्या दिमतीला गणू. बाहेर स्वयंपाकाला श्रीवर्धनचा शौकत.

गणू तेव्हा हवेतच होता. दहा दिवसांपूर्वी गावी त्याच्या बायकोला, सगुणाला, मुलगी झाली होती. गावातलं कौलारू घर उतरवून त्याने नुकतंच स्लॅबचं घर बांधलं होतं, त्याचंही वर्णन चालायचं. "सरकत्या खिडक्या आहेत शौकतभाई, रबर लावलेल्या. मुंगी शिरायची नाही! आईला फोनवर बजावलंय, सगुणाच्या खोलीची खिडकी अजिबात उघडायची नाही, बाळाला थंडी लागेल."

चौथ्या दिवशी जोराचा वारा सुटला. मी मनापासून शीळ घातली आणि ससाणा पंख फडफडवून नुसता थयथयाट करू लागला. अरबाब वैतागला. "गणू, ये आवाज बंद करो! यल्ला, जल्दी!"

गणूने मला उपटलं, छपराच्या भोकावर कॅनव्हासचा तुकडा शिवला आणि मला बाहेर वाळूत टाकलं. लाकडांऐवजी आता शेगडीत कोळशाचे निखारे ठेवायचं ठरलं. त्यांना धूर नाही, मग धुरांडं कशाला?

शौकतला ते पटलं नाही. "बंद तंबूत कोळसे? गणूभाऊ, मला बरोबर नाय वाटत."

"अहो, आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत दार लावून शेगडी ठेवतात. माझी आई पाच बाळंतपणं तशीच शेकली. काय झालं तिला? टेन्शन नको."

मला असा राग आला म्हणून सांगू! ज्याने घडवलं त्यानेच फेकलं. मनात म्हटलं, भरू दे तंबूत धूर, खोकत खोकत येशील मला न्यायला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गणूने निखारे आत नेले आणि तंबूचं दार घट्ट बांधून घेतलं. मी वाट बघत पडलो होतो. धूर नाही, खोकला नाही. मग आत धप्पकन काहीतरी पडलं.

"गणूभाऊ, चाय!" शौकतने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. मग त्याने दाराच्या दोऱ्या सुरीने कापल्या आणि आत धावला. ससाणा बैठकीखाली मरून पडला होता. शौकतने गणूला काखेत धरून फरफटत बाहेर आणलं, तो नेमका माझ्या शेजारी. माझ्या निर्मात्याचं डोकं लुळं पडलेलं, डोळे अर्धे उघडे. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. ऊठ रे गणू, मी ओरडत होतो, पण वारा नव्हता आणि मला आवाज नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने मोठा श्वास घेतला, ओकला आणि डोळे उघडले. दुसऱ्या तंबूतून धावत आलेला अरबाब मेलेला ससाणा छातीशी धरून उभा होता. "हम बोला आवाज बंद करो! पाइप निकालो कौन बोला? कोयले में ज़हर होता, धुआँ नहीं होता, बू नहीं होता!"

मी सुन्न झालो. मला वाटायचं मी फक्त धूर वाहतो. डोळ्यांना न दिसणारं मरण रोज माझ्याच नरड्यातून बाहेर जात होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता!

गणू मात्र वेगळंच पुटपुटत होता. "पण आईला कसं काही झालं नाही? आईला..." आणि एकदम तो पांढराफटक पडला. "कौलं! शौकतभाई, तेव्हा कौलं होती! फटीफटींतून वारा यायचा. आता स्लॅब आहे. फोन द्या, अरबाब, फोन!"

अरबाबाने एका हातात पाखरू तसंच धरून दुसऱ्या हाताने सॅटेलाइट फोन पुढे केला.

गावाला त्याच्या आईने, तानुबाईंनी, फोन उचलला. "आता कसा रे फोन? सगुणाची आंघोळ झाली, शेगडी ठेवून दार ओढून आलेय. दोन दिवस तिला चक्कर येतेय बाबा, पोरगी पण दूध ओढत नाही. अशक्तपणा, दुसरं काय."

"आई, दार उघड! दोघींना अंगणात आण! काही विचारू नकोस, धाव!"

फोन तिकडे आपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. गणू वाळूवर गुडघे टेकून बसला होता. शौकत तोंडातल्या तोंडात दुआ मागत होता. अरबाब गणूच्या शेजारी वाळूतच बसला. शेवटी तानुबाईंचा धापा टाकणारा आवाज आला. "आणल्या रे. सगुणा भिंतीला टेकून बसलीय. पोरगी... थांब. रडतेय! ऐक, रडतेय!"

गणूने फोन कानाशी घट्ट दाबला आणि दुसरा हात माझ्यावर ठेवला.

सुट्टीला निघताना त्याने बॅगेबरोबर मलाही बांधून घेतलं. शौकत म्हणाला, "लोक सोनं नेतात, हा धुरांडं नेतो!" आता मी माणगावजवळच्या त्या स्लॅबच्या घरात, त्याच्या लेकीच्या, समिधाच्या, खोलीच्या भिंतीला भोक पाडून बसवलेला आहे. हिवाळ्यात कुठे निखारे दिसले आणि दारं-खिडक्या बंद दिसल्या, तर पाया पडतो, आधी एक खिडकी उघडा.

गणू सुट्टीवर आला की अजूनही झोपेतून दचकून उठतो आणि अंधारात कान देतो. बाहेर वारा असतो. मी शीळ घालतो. मग तो लेकीच्या अंगावरचं पांघरूण नीट करतो आणि पुन्हा आडवा होतो.