मालकाचा वाटा

मित्रांनो, मी एक जुना पान्हा आहे. पाइप धरून फिरवायचा, लांब दांड्याचा, लोखंडी. माझा लाल रंग केव्हाच उडाला. जबड्याचे दात इतके झिजले आहेत की ओला पाइप आता निसटतो.

माझा जन्म एका ओतशाळेतला. तापलेला रस साच्यात पडला, निवला, मग कोणीतरी घासूनपुसून माझे दात पाडले. एका दुकानाच्या खिळ्याला मी लटकत होतो, तेव्हा एक तरुण फिटर आला. तो पहिल्यांदाच परदेशी निघाला होता.

दुकानदार म्हणाला, "अरे, तिथे हत्यारं कंपनीच देते. कशाला उगाच खर्च?"

"कंपनीचं ते कंपनीचं," तो म्हणाला. "आपलं एक तरी असू दे."

असा मी त्याचा झालो, आणि तो माझा मालक.

परदेशात आमची खोली म्हणजे दुमजली लोखंडी खाटा आणि भिंतीत माणशी एक खिळा. पहाटे बस यायची, दिवस मावळता परत सोडायची. उंच उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळ्यांत उभे राहून आम्ही पाइप जोडायचो. माझ्या मालकाने आटे आवळले की थेंब गळत नसे. मुकादम त्याला 'पक्का' म्हणू लागला आणि पुढे तेच त्याचे नाव पडले. काय ते दिवस होते! माझ्या दांड्यावर त्याचा तळवा बसला की मला वाटायचे, आम्ही दोघे कधी झिजणारच नाही.

पक्क्याचा पगार झाला की त्याच दिवशी पैसे घरी जायचे. थोरल्या भावाचे दुकान उभे राहिले. बहिणीचे लग्न झाले. एका सुट्टीत त्याचेही झाले, पुढे मुलगी झाली. मग घर, मग घरावर मजला. स्वतःच्या फाटक्या बुटांना मात्र तो चिकटपट्टी गुंडाळायचा.

खालच्या खाटेवर क्रेन चालवणारा एक वयस्कर माणूस होता. सगळे त्याला मामा म्हणत. त्या देशात म्हातारपणी पेन्शन मिळायची, पण ती तिथल्याच लोकांना. बाहेरून आलेल्यांसाठी कंपनीने वेगळी योजना काढली. कामगाराने पगारातला थोडा भाग टाकायचा, तेवढाच कंपनी टाकणार, आणि साठीनंतर दरमहा पैसे, माणूस कुठल्याही देशात असो; तो आधीच गेला तर त्याच्या बायकोला. मामाने लगेच नाव घातले. खोलीतले लोक त्याला चिंगूस म्हणाले. मामाच्या आग्रहाने पक्क्यानेही नाव घातले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याने घरी फोन लावला. थोरल्या भावाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"या महिन्यात कमी का आले रे?"

"दादा, म्हातारपणासाठी थोडे बाजूला टाकतोय."

"म्हातारपणासाठी? आणि आम्ही काय मेलो? इथे मजला अर्धवट पडलाय. उघड्या सळया बघून लोक हसतात. भावावर विश्वास नाही, असं सरळ सांग ना!"

"तसं नाही हो दादा..."

दुसऱ्या दिवशी पक्क्याने आपले नाव काढून घेतले.

मामा फक्त एवढेच म्हणाला, "पक्क्या, सगळ्यांच्या पानात वाढलंस. तुझं पान कुठंय?"

"दादाच्या शेजारी," पक्का हसत म्हणाला. "कुठे जातंय?"

वर्षे गेली. एके सकाळी बस आली तरी मामा उठला नाही. पक्क्याने हलवून पाहिले, तेव्हा अंग गार पडले होते. साठीला फार दिवस राहिले नव्हते. पक्क्यानेच त्याचे सामान बांधून घरी पाठवले. काही महिन्यांनी मामाच्या बायकोचा फोन आला.

"भाऊ, त्यांच्या बचतीचे पैसे मला सुरू झाले. माणूस गेला तो गेलाच. पण कुणापुढे हात पसरायची वेळ नाही आली."

पक्का त्याच दिवशी कंपनीच्या ऑफिसात गेला. कारकुनाने त्याचे वय विचारले आणि मान हलवली. "आता नाही घेता येणार. उशीर केलात." खोलीवर येऊन तो बूटही न काढता खाटेवर बसून राहिला. मी खिळ्यावरून पाहत होतो.

पुढे त्याच्या मनगटात जोर राहिला नाही. कंपनीने मधेच आपले नाव बदलले होते, म्हणून नोकरीची वर्षे मोजली ती नव्या नावापासून. हातावर थोडेसे टेकवून त्याला घरी पाठवले.

घरी वरच्या मजल्यावर भावाच्या मुलांचे संसार होते. दुकानही त्यांच्याच नावावर झाले होते.

"तुझं म्हणजे आपलंच की," भाऊ म्हणाला. "पण आता वर जागा कुठंय? मागच्या खोलीत बघ जमतंय का."

मागच्या खोलीत पक्क्याची बायको आणि मुलगी आधीपासूनच राहत होत्या. बायको शिवणकामावर घर चालवत होती. पक्का म्हणाला, "दादाने फसवलं गं मला."

तिने मशीन थांबवले. "भाऊजींचं सोडा. मी दर वर्षी सांगायचे, मजला नको, तुम्ही या. तुम्हीच म्हणायचात, चार लोकांना दिसलं पाहिजे."

पक्क्याने मला गोणपाटात गुंडाळून खाटेखाली सारले. तिथे मला गंज चढला.

मुलगी शिकून नर्स झाली. गेल्या महिन्यात तिला परदेशात नोकरी लागली. सामान भरताना ती म्हणाली, "बाबा, पगार झाला की सगळा पाठवीन."

"सगळा नाही!" पक्का एवढ्या जोरात ओरडला की बायको दचकली. "आधी तुझा वाटा बाजूला. उरलं तर इकडे."

"मग तुमचं कसं चालणार?"

पक्का वाकला, खाटेखाली हात घालून त्याने मला ओढून काढले आणि रॉकेलने पुसू लागला.

मुलगी गेली. आता तो नळ दुरुस्तीला दारोदार जातो. परवा एका घरी मी त्याच्या हातून दोनदा निसटलो, तेव्हा घरातली बाई म्हणाली, "आजोबा, राहू द्या, मी दुसऱ्या कुणाला बोलावते." तिने पुढे केलेले पैसे त्याने घेतले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी दूर देशी राबत असेल, तर फोनवर 'आमच्यासाठी काय आणणार' हे मागाहून विचारा. आधी विचारा, 'तुम्ही स्वतःसाठी काय ठेवलंत?' ते हसण्यावारी नेतील. तुम्ही पुन्हा विचारा. हात चालतात तोवरच विचारा.

आत्ता आम्ही एका इमारतीचा जिना चढतो आहोत. पक्का प्रत्येक मजल्यावर थांबतो, पिशवी खाली ठेवतो, श्वास घेतो आणि पुन्हा उचलतो. पिशवीत मी एकटाच आहे. आज पहिल्यांदाच मला माझ्या वजनाची लाज वाटते.