आठवत नाही, पुन्हा म्हणा

समीक्षाने आपल्या पहिल्या सिनेमाचा नायक निवडला तो आवाजावरून. तो आवाज तिने लातूरच्या कोर्टात ऐकला होता. शिरूर अनंतपाळच्या स्टँडसमोर चहाचं हॉटेल चालवणारे माणिकप्पा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले होते, "मला काही आठवत नाही." आणि कसं म्हणाले होते! घसा खाकरला नाही, नजर हलली नाही. कसलेल्या नटाचीही अशी ओळ म्हणताना तारांबळ उडाली असती.

जे त्यांना आठवत नव्हतं, ते होतं समीक्षाच्या वडिलांचं मरण. निवृत्ती वीज खात्यात लाईनमन होते. गावातल्या बजरंगने शेतातल्या मोटारीसाठी तारेवर टाकलेला आकडा त्यांनी तीनदा काढला. चौथ्यांदा काढून खांबावरून खाली उतरले, आणि बजरंगने त्यांच्या अंगावर जीप घातली. भर सकाळी, माणिकप्पांच्या हॉटेलापासून वीस पावलांवर. निवृत्ती दिवसाचा पहिला चहा रोज तिथेच पीत. माणिकप्पांनी पोलिसांना सगळं सांगितलं, कोर्टात मात्र ते फितूर झाले आणि बजरंग सुटला. मागच्या वर्षी तो काविळीने मेला. चौकात हात जोडलेल्या फोटोचे बॅनर लागले, गावाने चार दिवस तोंड पाडून दाखवलं. समीक्षाला ज्याचा सूड घ्यायचा होता तो असा फुकटात निसटला, आणि तिच्या वाट्याला एकटे माणिकप्पा उरले.

ती नांदेडला लग्नांचं शूटिंग करायची. नवरदेव घोड्यावर, नवरी आरशात, मामा रुसलेला. त्याच कॅमेऱ्यावर तिने सिनेमा काढायचं ठरवलं. गोष्ट अशी : किनवटच्या जंगलातल्या एका स्टेशनावर एक माणूस उतरतो. शर्टावर रक्त आहे. कुठे तरी खून झालाय एवढं पोलिसांना ठाऊक आहे, पण या माणसाला स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही. गुन्ह्याच्या सिनेमात मारामारी नाही आणि गाणंही नाही म्हटल्यावर निम्मे मित्र गळाले. अख्ख्या सिनेमात त्या अनोळखी माणसाला एकच वाक्य होतं : मला काही आठवत नाही. तो ते अकरा वेळा म्हणतो.

तिला एवढंच हवं होतं. ते वाक्य माणिकप्पांच्या घशात काट्यासारखं अडकावं, गिळता येऊ नये आणि थुंकताही येऊ नये. बाकी सिनेमा लोकांना आवडो, न आवडो.

"त्या मेल्याला हिरो करून राहिलीस तू?" आई, चांगुणाबाई, भाकरी थापताना म्हणाली.

"हाव."

"आन् त्यो आला तर?"

"येऊ दे की. त्याच्यासाठीच तर करून राहिले."

माणिकप्पा आले. नुसते आले नाहीत, तिने विचारताच हातातला कप खाली ठेवून म्हणाले, "कवा यायचं सांग, माय." ना आढेवेढे, ना लाज. समीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला खरंच काही वाटत नाही की काय!

बावीस दिवस शूटिंग चाललं. किनवटच्या फलाटावर तिने त्यांना ऑक्टोबरच्या भर दुपारी अनवाणी उभं केलं, आणि उन्हाचा कोन जमत नाही म्हणत सात वेळा उभं केलं. फौजदाराच्या थपडेचे नऊ टेक घेतले. पहिलाच चांगला होता, हे तिलाही माहीत होतं आणि फौजदार झालेल्या पोरालाही. माणिकप्पा गाल चोळत विचारत, "आणखी एक घ्यायचा का?" ते तक्रार करत नव्हते, याचाच तिला जास्त राग येई. आणि शिरूरमधलं शूटिंग तिने मुद्दाम सोयाबीनच्या मळणीत धरलं. चहूकडे मळणीयंत्रांचा धडधडाट. साउंडवाला हात जोडून म्हणाला, ताई, दिवाळीनंतर करू, एक शब्द हाती लागणार नाही. ती म्हणाली, नाही लागला तर नाही. शब्द हाती लागले नाहीत, तर माणिकप्पांना ते वाक्य पुन्हा बंद खोलीत म्हणावं लागणार होतं. तिचा खरा डाव तोच होता.

डबिंगला नांदेडात संघपालचा स्टुडिओ मिळाला. जयंतीची गाणी तिथेच रेकॉर्ड होतात. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मध्ये काच. काचेपलीकडे माइकसमोर माणिकप्पा, अलीकडे संघपाल आणि समीक्षा. आवाज येतो म्हणून पंखा बंद. दुपारी दोन वाजता त्या खोलीत माणूस नुसता उभा राहिला तरी घामाने भिजे. पडद्यावर माणिकप्पांचाच चेहरा, ओठ हलताहेत, आवाज नाही. त्या ओठांवर वाक्य नेमकं बसवायचं.

"मला काही आठवत नाही."

"सपाट झालं. पुन्हा म्हणा."

"मला काही आठवत नाही."

"घाई झाली. ओठ अजून हलून राहिलेत. पुन्हा."

आठ झाले, नऊ झाले. संघपाल तिच्याकडे बघायला लागला. तिसराच टेक बरोबर होता हे त्याला कळत होतं. बाराव्या टेकनंतर समीक्षाने आत बोलायचं बटण दाबलं आणि इतके दिवस दातांमागे धरलेलं बोलून टाकलं.

"काका, कोर्टात म्हणाला होतात ना, तसं म्हणा. तवा कसं एका झटक्यात जमलं?"

पडद्यावर चेहरा परत आला, ओठ हलले. माणिकप्पांनी तोंड उघडलं.

"मला समदं आठवतंय, माय."

संघपालचा हात रेकॉर्डिंग बंद करायच्या बटणाकडे गेला. समीक्षाने तो धरला.

"त्यानं जीप मागं घेतली अन् परत घातली. दोनदा. मी पळत गेलो. डोकं मांडीवर घेतलं. निवृत्ती शुद्धीवर व्हता, बोलून राहिला व्हता. म्हणला, माणिकप्पा, आज पोरीचा पेपर हाय लातूरला. तिला आत्ता फोन करू नगा. पेपर होऊ द्या." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "दवाखान्यात नेईपतूर तेच. पेपर होऊ द्या. म्हून म्या कुणालाच फोन करू दिला न्हाई."

त्या दिवशी समीक्षा लातुरातच होती. बाप ज्या दवाखान्यात बारा वाजेपर्यंत जिवंत होता, तो तिच्या परीक्षा केंद्रापासून पायी पंधरा मिनिटांवर. आपल्याला कुणीच कसं कळवलं नाही म्हणून तिने सहा वर्षं सगळ्या नातलगांना शिव्या घातल्या होत्या. तो पेपर चांगला गेला होता. बाहेर पडताना ती हसत होती.

"मंग कोर्टात का न्हाई सांगितलं?" तिने विचारलं.

"बजरंगाची माणसं रोज हॉटेलात येऊन बसायली. तुमची नात शाळेतून येकटीच येती का, इचारायली. भ्यालो. दुसरं काई न्हाई, भ्यालो." मग हळूच म्हणाले, "सिनेमाचं इचारलंस तवा वाटलं, ही आता मला इचारील. बावीस दिवस वाट बघितली मी."

संघपालने डोळे पुसले. "ताई, हे ठेवू का?"

"ठेव. वेगळ्या फाईलमध्ये. मला दे."

आता तिने उठून आत जावं, त्यांचा हात धरावा, दोघांनी रडावं, असं कुणालाही वाटेल. तिलाही क्षणभर वाटलं. बापाचे शेवटचे शब्द ज्याने सांभाळले तो माणूस पाच फुटांवर घामाने निथळत उभा होता. पण त्याच माणसाने ते शब्द सहा वर्षं दाबून ठेवले होते, आणि बजरंगची राख झाल्यावर बाहेर काढले होते. आता खरं बोलायला काय लागतं? डोळे भिजलेले असतानाच तिचं पित्त पुन्हा खवळलं. तिने बटण दाबलं.

"काका, तुम्ही सांगितलं, मी ऐकलं. पण ओठ जुळत नाहीत."

"म्हंजी?"

"पडद्यावरचा माणूस 'आठवत नाही' म्हणतोय. तेच म्हणावं लागंल."

माणिकप्पा काचेतून तिच्याकडे बघत राहिले. "आता कसं म्हणू, माय? आता तर बोलून मोकळा झालो."

"मोकळं कुणी केलं तुम्हाला? मला सांगितलंत, कोर्टाला न्हाई. सिनेमा शिरूरला लागंल, लातूरला लागंल, जिथं जिथं लागंल तिथं तुम्ही हेच म्हणणार. तुमची नात मोठी होऊन बघंल तवाबी हेच म्हणणार."

ते समजले. दार उघडंच होतं, कडीसुद्धा नव्हती. जायचं असतं तर ते जाऊ शकत होते, आणि आपण त्यांना अडवलं नसतं हे समीक्षालाही माहीत होतं. ते गेले नाहीत. हेडफोन नीट बसवून माइकसमोर सरकले. पडद्यावर चेहरा आला.

"मला... काही आठवत नाही."

वाक्य मध्येच फाटलं आणि तरी ओठांवर अचूक बसलं. संघपालने न बोलता अंगठा वर केला. याहून चांगला टेक कुठल्याही नटाकडून आला नसता. समीक्षाला वाटलं होतं, असा आवाज एकदा ऐकला की पोटातली आग विझेल. पेपर होऊ द्या, पेपर होऊ द्या, एवढंच कानात घुमत होतं, आणि आग होती तशीच होती. तिने डोळे कोरडे केले आणि बटण दाबलं.

"अजून एकदा, काका."