शहाण्णव टक्के

परदेशात फोनची बॅटरी दिवसभर कशी पुरवायची, हे मला कोणी शिकवू नये. बावीस वर्षं मोबाइल दुरुस्त करतोय मी. त्यामुळे बायको आणि सासरे यांना घेऊन सहलीला निघालो, तेव्हा शिस्तही मीच घालून दिली. स्क्रीन मंद, लोकेशन बंद. चालू फोन एकच, तो माझा. उरलेले दोन बंद करून खिशात. बायको म्हणाली, "अहो, पॉवर बँक घेऊ या की." मी म्हणालो, "पथ्य पाळणाऱ्याला औषध लागत नाही." स्वतःच्या वाक्यावर मीच खूश झालो.

सासऱ्यांना नव्या फोनचं भारी कौतुक. पहिल्याच दिवशी दिसेल त्या कारंज्याचा व्हिडिओ काढत सुटले आणि दुपारी त्यांच्या फोनने मान टाकली. दुसऱ्या सकाळी हॉटेलात नाश्त्याच्या वेळी, आजूबाजूची चार टेबलं बघत असताना, मी त्यांना झापलं. "बाबा, काय पोरखेळ लावलाय हा? आता मी सांगेपर्यंत फोन चालू करायचा नाही. कळलं?"

"कळलं, जावईबापू," ते म्हणाले आणि लोणी लावलेल्या पावालाच पुन्हा लोणी लावायला लागले. जावयाला उलट बोलायचं नाही, हे त्यांच्या घरातलं वळण. मला ते फार सोयीचं होतं.

त्याच दिवशी आम्ही एका भल्यामोठ्या वस्तुसंग्रहालयात गेलो. आत दोन्ही बाजूंना दालनंच दालनं. एक वाजता मुख्य दारापाशी भेटायचं ठरवून ते चित्रांकडे वळले, आम्ही दुसरीकडे. त्यांना मधुमेह. खाऊची पिशवी बायकोकडे होती, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

बाराच्या सुमारास माझा फोन वाजला. तिथलाच कुठलातरी अनोळखी नंबर. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर बायको म्हणाली, "घ्या तरी." म्हटलं, "जाहिरातवाले असतात, उगाच बॅटरी खातात." आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला.

एक वाजला, दीड वाजला, सासऱ्यांचा पत्ता नाही. बायकोने माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. "त्यांनी काही खाल्लं नसेल हो," ती एवढंच म्हणत राहिली. मग आम्ही दालनं पालथी घातली. मी रखवालदारांना हातवारे करून विचारत होतो आणि मनात सासऱ्यांवरच चडफडत होतो. एवढी अक्कल नको? अडीचला ते सापडले. मागच्या दारापाशी, कोट आणि छत्र्या ठेवून घेणाऱ्या बाईच्या खिडकीशेजारी स्टुलावर बसले होते. चेहरा पांढराफटक, हात थरथरत होते. बायकोने पिशवीतली बिस्किटं त्यांच्या हातात कोंबली आणि रस आणायला धावली.

"बाबा, फोन का नाही चालू केलात?" मी खेकसलो.

"तुम्ही सांगितलं नव्हतं ना," ते म्हणाले. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "बघा हवं तर. सकाळी शहाण्णव टक्के होती. आता चालू केलात तर तेवढीच निघेल."

त्यांना शाबासकी हवी होती की काय, कोण जाणे. तेवढ्यात त्या बाईने स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. भाषा कळत नव्हती, पण पडद्यावर आकडे माझेच होते. पुढे देशाचा कोडसुद्धा लावलेला. माझा नंबर, एकाखाली एक, नऊ वेळा. तिने आधी सासऱ्यांकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि भुवया उंचावल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बायको रस घेऊन धापा टाकत आली. वडिलांनी दोन घोट घेतल्यावर तिच्या जिवात जीव आला आणि मग ती कडाडली. "अहो बाबा, निदान दुसऱ्या कोणाच्या फोनवरून तरी करायचा!"

सासऱ्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "नंबर आठवला नाही गं."

"आठवला नाही? ह्यांच्या दुकानाची पाटी तुम्हीच रंगवलीत ना? हातभर आकड्यांत!"

"वय झालं आता," ते म्हणाले आणि पेल्यात बघत राहिले.

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांच्या अंगावरचा बिस्किटांचा चुरा झटकत राहिलो.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बायकोने भावाला फोन लावला, माझ्याच फोनवरून. "दादा, बाबांना विसरायला होतंय रे. आता एकट्याला बँकेत पाठवू नकोस, बाजारात नको. आणि स्कूटरची चावी काढून घे त्यांच्याकडून." सासरे पलंगाच्या कडेला बसून मोजे काढत होते. चावीचं नाव निघालं तसा त्यांचा हात थांबला.

पलीकडून मेहुण्याचा विश्वास बसत नसावा. बायकोने फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. तुम्ही होतात ना तिथे."

सासऱ्यांनी मान वर केली. मी खिडकीकडे तोंड केलं.

"हो दादा," मी म्हणालो, "हल्ली जरा विसरतात."