पेशीमहाराजांचे थेंब

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पांढरा कोट चढवलेले पेशीमहाराज हातातली बाटली नाचवत गरजत होते, "रेडिएशननं जळलेलं तोंड आणा! जिथं थेंब पडेल तिथं नवी पेशी उगवेल!" पेशी म्हणजे जणू गवतच.

टेलरकाकांनी जिभेवर, हिरडीवर थेंब घेतले आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा खुलला. कॅन्सर गेला होता, पण रेडिएशननं तोंड पार कोरडं करून टाकलं होतं आणि हिरडीतली जखम काही केल्या भरत नव्हती.

"अगं, ठणका गेला! आता हॉस्पिटल बंद. जबड्याचं हाड कुजतंय का ते डॉक्टर बघणार म्हणे. बघा म्हणावं स्वतःचं!"

काकूंनाही हायसं वाटलं. पण घरी काका नेहमीसारखे ओठांत टाचण्या धरून झगा बेतायला बसले आणि पांढऱ्या कापडावर रक्ताचे थेंब पडू लागले.

"अहो, ओठात टाचणी घुसलीय!"

"कुठं?" काकांनी शांतपणे विचारलं.

काकूंनी टाचणी उपटून काढली. मग त्यांनी सभागृहातून विकत आणलेल्या बाटलीतला एक थेंब स्वतःच्या धडधाकट जिभेवर टाकला. थोड्या वेळानं जीभ चावली तरी कळेना. बाटली घेऊन त्या तडक हॉस्पिटलात गेल्या.

"दात काढताना हिरडी बधिर करतात ना, त्यातलाच प्रकार दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रुग्णाच्याच पेशी लाळग्रंथीत सोडून पाहायचे प्रयोग खरंच चाललेत. पण मोजक्या रुग्णांवर, कडक देखरेखीखाली. बाटलीत भरून कुणी विकत नाही. काकांना लवकर आणा. जखम आत पसरली, तर जबडा कापावा लागेल."

काका ऐकेनात. म्हणून काकू त्यांना घेऊन पुन्हा सभागृहात गेल्या आणि भर गर्दीत उभ्या राहिल्या.

"महाराज, निरोगी माणसानं थेंब घेतले तर?"

"तोंड अधिकच तेजस्वी होईल, माते!"

"मग घ्या की. चांगले चमचाभर घ्या."

सगळ्यांचे डोळे लागलेले. महाराजांनी घेतले.

"आता पेशींचं ते भाषण पुन्हा ऐकवा."

महाराजांनी सुरुवात तर झोकात केली. "माझ्या थेंबांनी नवी पेशी..." पुढे 'पेशी'ची 'पेथी' झाली, 'पुनरुज्जीवना'चं नुसतं 'पुनुलु-पुनुलु' झालं आणि हनुवटीवरून लाळ ओघळली. सभागृह खो खो हसलं.

"जीभ बधिर झालीय त्यांची!" काकू ओरडल्या. "तुमचीही तशीच होते. जखम आत आहे तिथंच आहे, फक्त तुम्हाला कळत नाही!"

काका मात्र हसले नाहीत. बाहेर पायरीवर बसून म्हणाले, "थेंब नुसते बधिर करतात हे मला कळलं होतं गं, टाचणीचं तू सांगितलंस तेव्हाच. पण जबडा गेला तर? फार भीती वाटते."

"मलाही वाटते. चला, दोघं मिळून घाबरू, पण डॉक्टरांसमोर."

हाड कुजायला नुकतीच सुरुवात झाली होती. जबडा वाचला.

घाबरलेल्या माणसाला हसायचं नाही. त्याच्या भीतीवर दुकान मांडणाऱ्याला मात्र जरूर हसावं. आणि दुखणं थांबलं म्हणून जखम भरली असं समजू नये. ती भरली का, ते तपासून घ्यावं.