निळा ठिपका

बाबांच्या बाहुल्यांच्या खेळाला हल्ली देवळापुढे चार म्हातारी माणसं आणि बाकी रिकाम्या खुर्च्या. तैवानमधल्या आमच्या हुवेईत आता तलवारबाज बाहुल्यांनाही झगमगाट लागतो. शेजारच्या बाहुली-मंडळीने लेझर आणलं आणि आमची आमंत्रणं निम्म्यावर आली. म्हणून माझ्या भावाने, कुन-बिंगदादाने, घरीच लेझर करायला घेतलं. लाल, हिरवा आणि निळा किरण सोडणाऱ्या तीन नळ्या, ते किरण एका रेषेत आणणाऱ्या काचा, आणि त्यांना पडद्यावर नाचवणारे दोन चिमुकले आरसे. तिन्ही रंग एकमेकांवर नेमके बसले की पांढरा होतो. दादाचे काही केल्या बसत नव्हते, आणि घरात त्याच्याशी बोलायची सोय राहिली नव्हती.

नियम मात्र त्याने कडक केले होते. खास चष्म्याशिवाय आत यायचं नाही. घड्याळ, अंगठी, कानातलं बाहेर काढून ठेवायचं. चकचकीत काही आड आलं की किरण भलतीकडे उडतो आणि डोळा जातो, हे त्याने इतक्यांदा ऐकवलं की मी चिडून विचारलं, मग दातही काढून ठेवू का?

खेळाच्या दिवशी दुपारी एकदाचे रंग जुळले. खिडक्यांना काळे पडदे होते, कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा, आणि लेझरच्या खोक्याचं झाकण उघडं. दादा मापकाच्या काट्याकडे बघत निळ्याचा जोर वाढवत होता. तेवढ्यात मागच्या दाराने बाबा आले. डोळ्यांवर चष्मा नाही, हातात मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट. त्या खाऊचं नावच 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं, म्हणून यंत्रावर हे पाकीट आमच्याकडे कोण ठेवत नाही? बँकेतल्या यंत्रावरही असतं. हिरवंच हवं आणि तारीख उलटलेली नको. बाबांनी तारीख बघूनच आणलं होतं. झाकण उघडं आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते खोक्यावर ठेवायला गेले आणि पाकीट आत कलंडलं.

माझ्या चष्म्यातून निळा दिसतच नाही. मला दिसली ती फक्त पाकिटाची चकचकीत कड, आणि झटक्याने तोंड फिरवणारे बाबा. मी ओरडले. दादाने बटण दाबून किरण बंद केला.

"डोळ्यात गेला?" त्याने विचारलं. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

बाबा म्हणाले, निळा ठिपका गालावर आला तसे डोळे मिटले मी, काही झालेलं नाही. दादाला ते पटेना. त्याने कॅलेंडरच्या मागे चौकोनांची जाळी आखली, मधोमध टिंब काढलं आणि बाबांपुढे धरली. एकेक डोळा झाकून टिंबाकडे बघायचं आणि चौकोन सगळे दिसतात का ते सांगायचं.

बाबांनी डावा डोळा झाकला. सगळे दिसत होते. मग उजवा झाकला. बोटं जरा सारखी केली.

"सगळे आहेत रे," बाबा म्हणाले.

दादा मटकन खाली बसला आणि हसायलाच लागला. मग उठून पाठमोरा होऊन पाकीट काढू लागला.

माझं लक्ष बाबांच्या उजव्या डोळ्यावरच्या बोटांकडे गेलं. जन्मभर बाहुल्यांच्या आत वावरलेली बोटं ती. हवी तेवढीच फट ठेवणं त्यांना काय अवघड! मी माझा तळवा त्यांच्या हातावर घट्ट दाबला.

"आता सांगा."

बाबा अगदी हळू म्हणाले, "मधे काही नाहीये गं. टिंबही नाही. पण त्याला आज सांगू नकोस. किती दिवसांनी हसलाय बघ. खेळ झाला की जाऊ दवाखान्यात."

मला बाबांचा राग आला, त्या खोक्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. कारण क्षणभर मलाही वाटलं होतं, आजचा खेळ होऊन जाऊ दे. बाबा माझा हात बाजूला करू बघत होते. मी तो हलू दिला नाही.

"दादा, गाडी काढ," मी म्हणाले. "बाबांना दिसत नाहीये."

तो वळला तेव्हा अजून हसतच होता.