जमलेली ज्योत

“पेटवतोस की मुहूर्त बघतोस?” दूधवाला म्हणाला. सायकलचा दांडा मोडला होता, पण तोंड शाबूत होतं. “आजवर दादा पेटवायचा नि तू जोडायचास. आता दोन्ही तुझ्याच गळ्यात.”

दाराशी स्टुलावर वहिनी बसली होती. तिच्याकडे लक्ष जाताच त्याने जीभ चावली.

दादा गेल्यानंतर वेल्डिंगचं दुकान आज पहिल्यांदा उघडलं होतं. घरात बसवत नाही म्हणून वहिनीही आली होती. धाकट्या भावाने गॅसचा टॉर्च हातात घेतला होता आणि तो तसाच उभा होता. टॉर्चचे दोन्ही नॉब, गॅसचा आणि ऑक्सिजनचा, उघडेच होते.

दादाची ही जुनी खोड. काम संपलं की तो फक्त सिलिंडरच्या चाव्या बंद करायचा, टॉर्चच्या नॉबना हात लावायचा नाही. सकाळी चाव्या उघडून ठिणगी दिली की फाट्‌कन कालचीच ज्योत. “एक दिवस दुकानासकट उडशील,” धाकटा कानीकपाळी ओरडायचा. “एकदा जमलेली ज्योत रोज कशाला मोडायची?” दादा हसायचा. शेवटी गेला तो झोपेत.

ज्योत जमवावी ती दादानेच. धाकट्याचा सांधा सरळ, पण नॉबवर हात उतावळा. गॅस जास्त झाला की ज्योतीच्या आतल्या निळ्या कळीला पांढरं पीस फुटतं, सांधा ठिसूळ होतो. ऑक्सिजन जास्त झाला की ज्योत फुत्कारते, लोखंड जळतं. पीस कळीत मिटलं, की तिथेच थांबायचं. धाकटा कायम अलीकडे नाहीतर पलीकडे.

नॉब फिरवले तर दादाच्या बोटांनी ठेवलेलं शेवटचं माप जाणार होतं.

“मागे सरका,” तो म्हणाला आणि चाव्या उघडून त्याने ठिणगी दिली.

फाट्! दूधवाला टुणकन उडाला. टॉर्चच्या तोंडाशी कळी उभी राहिली. लहान, गुळगुळीत. पीस नाही, फुत्कार नाही.

“त्यांचीच?” वहिनीने विचारलं.

“हो.”

दांडा जोडून झाला. “दादाचाच हात,” दूधवाला म्हणाला. या वेळी त्याने जीभ चावली नाही. सायकल गार व्हायला तो बाहेर घेऊन गेला.

धाकट्याचा हात सिलिंडरच्या चावीकडे गेला.

“भावोजी, नॉब बंद करा.”

“वहिनी, मला ही परत नाही जमायची.”

“नाही तर नाही. त्यांच्यावर तुम्हीच ओरडायचात ना? आता उडायला माझ्याकडे तुम्ही एकटेच उरलात.”

त्याने गॅसचा नॉब फिरवला. ज्योत विझली. ऑक्सिजनची फुसफुस चालूच राहिली.

“अजून आहे का?”

“नुसता वारा आहे.”

दोघं ऐकत राहिले. मग त्याने तोही नॉब फिरवला, हलकेच, घट्ट होईपर्यंत.