टॅपेटची फट

अण्णांना झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि सोबत सगळे शब्दही गेले. मागे राहिला एकटा ‘हो’. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू बाकीचे परत येतील. पण हा ‘हो’ दारातच असा ठाण मांडून बसला, की दुसऱ्या कुणाला आत येऊच देईना.

माईंचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात जन्मभर लोकांच्या नाकांची मापं घेणारा हा माणूस घरात तसाही कधी फार बोलला नव्हता. बोलायचं ते माईच बोलायच्या, त्यांच्या वाटचंसुद्धा. ‘ते म्हणतात’ अशी त्यांनी सुरुवात केली की पुढे कुणाची मात्रा चालत नसे. आताही त्या अण्णांच्या तोंडाकडे बघायच्या आणि सांगून मोकळ्या व्हायच्या. ते म्हणतात खिडकी लावा. ते म्हणतात दिवा मालवा.

सून एकदा चाचरत म्हणाली होती, “आई, अण्णा सगळ्यालाच हो म्हणतात. मी गंमत म्हणून विचारलं, तुम्ही चंद्रावरून आलात का? तरी हो म्हणाले.”

“मग आले असतील,” माई म्हणाल्या. “नवरा माझा आहे की तुझा? मला कळतं त्यांचं.”

आज अण्णांना तळ्यावर न्यायचं होतं, त्यांच्याच मोटारीतून. आजारपणानंतर पहिल्यांदाच ते घराबाहेर पडणार होते आणि सगळ्या गल्लीनं ते बघावं अशी माईंची इच्छा होती. मोटार मुलाहून वयानं मोठी. अण्णांनी तिला कधी परक्याचा हात लागू दिला नव्हता. महिने न् महिने ती उभी होती. मुलानं सुरू केली तर इंजिन टकटक टकटक करायला लागलं.

“टॅपेट वाजतायत,” मुलगा म्हणाला. “फट बघून घेतो.”

इंजिन थंड झाल्यावर त्यानं वरचं झाकण काढलं. अण्णांची खुर्ची गॅरेजच्या दारात आणून ठेवली. मुलाच्या हातात फिलर गेज होतं, म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा. एकेक पातं वेगळ्या जाडीचं. टॅपेट आणि तो ज्याला ढकलून उघडतो त्या व्हॉल्व्हच्या मध्ये पातं सरकवायचं आणि ते किंचित अडत पुढे गेलं पाहिजे. पण नेमकं कुठलं पातं, हे अण्णांनी आपल्या बोटांनाच सांगून ठेवलेलं.

“अण्णा, ही फट बरोबर आहे?”

“हो.”

“की कमी करू?”

“हो.”

मुलानं आईकडे पाहिलं. माईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे नजर टाकली आणि निकाल दिला, “कमी कर म्हणतात. ती टकटक त्यांना सहन होत नाही आता.”

खरं तर ती टकटक माईंनाच कधी सहन झाली नव्हती. गॅरेज स्वयंपाकघराला लागून. इतकी वर्षं त्यांच्या कपाळावर ती वाजत आलेली.

अण्णांनी डावा हात पुढे केला आणि जुडग्यातलं एक जाड पातं चिमटीत धरलं. सोडेचनात.

“अहो, द्या ना. खेळणं आहे का ते? कामाचं आहे.” माईंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि जुडगा मुलाला दिला. त्यानं सगळ्यात पातळ पातं घेतलं आणि फटी त्या मापाला आणल्या.

अण्णा खुर्चीच्या हातावर थापा मारायला लागले. “हो! हो! हो!”

“बघ कशी घाई झालीय,” माई हसल्या. अण्णांच्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी पदरानं टिपलं. “आनंद मावत नाहीये माणसाच्या पोटात.”

झाकण बसलं, चावी फिरली. इंजिनाचा आवाज म्हणाल तर नाहीच. अशी गप्प मोटार त्या गल्लीनं कधी ऐकली नव्हती.

“इतकी वर्षं यांना हे जमलं नाही,” माई म्हणाल्या आणि ऐटीत मागे अण्णांच्या शेजारी बसल्या.

तळ्याचा चढ लागेपर्यंत सगळं छान होतं. चढावर मोटार धापा टाकायला लागली, मग थरथरली आणि मध्येच बंद पडली. मुलानं पुन्हा पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून कंटाळले आणि बाजूनं निघून गेले.

मुलानं ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. त्या गड्याचा आवाज एवढा मोठा, की मागे माईंनाही शब्द न् शब्द ऐकू आला.

“टॅपेट गप्प केलेत ना? वाटलंच मला. अरे दादा, गरम झालं की लोखंड वाढतं. जागाच ठेवली नाही तर व्हॉल्व्ह मिटणार कसा? त्या इंजिनाला थोडं बोलू द्यायचं असतं. आता थंड होईपर्यंत हात लावू नका, व्हॉल्व्ह जळाले नसले म्हणजे मिळवली. मी येतो. पण फट कमी करायला सांगितलं कुणी?”

मुलगा आरशातून मागे बघत राहिला. “अण्णांनी,” असं म्हणाला, पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही.

‘ते म्हणतात’ म्हणायला माई अण्णांच्या तोंडाकडे वळल्या. तेवढ्यात त्यांना ते जाड पातं आठवलं, आणि ती बोटं, एकेक करून सोडवलेली.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही नको म्हणत होतात का?”

“हो.”

उत्तर मिळालं असं वाटतंय तोच माईंना राहवेना. “की कमीच करायची होती?”

“हो.”

तोच आवाज. तेच डोळे. केसाचाही फरक नाही.

मग खिडकी? त्यांच्या मनात आलं. दिवा? भिंतीकडे तोंड करून लावलेली कॉट? समोरचे घड्याळजी रोज संध्याकाळी अण्णांपाशी येऊन बसायचे. त्यांना आपण दारातूनच सांगितलं होतं, ‘ते म्हणतात आता माणसं नकोत.’ तेव्हाही मागून ‘हो’ आला होता. घड्याळजी मान खाली घालून गेले ते पुन्हा आले नाहीत.

मुलगा बाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. गॅरेजवाल्याचा पत्ता नव्हता. ऊन अण्णांच्या चेहऱ्यावर आलं होतं. खाली तळं चमकत होतं, पण इथून त्याचा नुसता कोपरा दिसत होता.

“काच खाली करू?” विचारताना माईंचा हात हँडलवरच थबकला.

“हो.”

त्यांनी काच थोडी खाली केली आणि अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. आणखी थोडी केली, पुन्हा पाहिलं. वारं आत आलं, अण्णांचे पांढरे केस हलले. मग जास्त झालं असेल म्हणून त्यांनी बोटभर वर घेतली. पुन्हा खाली. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

बरं वाटलं म्हणून मिटले, की कंटाळून, हे माईंना कळेना. त्या हँडल धरून तशाच वाकून बसल्या.